चिंचेखालचं घर, मग नाखव्याचं घर

शुक्रवारची नमाज आटोपली की मुनीर मस्कतच्या कुरुम भागातून गाडी काढून बंदराजवळच्या मत्रहला आईकडे जेवायला यायचा, जेवणं झाली की फोन रेकॉर्डिंगला लावून चटईवर ठेवायचा आणि म्हणायचा, "हं, बोला." समोर त्याची आई खैरुन्निसा आणि रशीदा फुफी, म्हणजे त्याच्या मयत बापाची बहीण, सुपारी कातरत बसलेल्या असायच्या. बोलायच्या पण कशावर? कोणाच्या लग्नात मटण खारट झालं, कोणाची सून नाकाने बोलायची. मुनीर तोंड वाकडं करून ऐकत राहायचा. खिडकीतून खाली बंदराचा रस्ता दिसे, सुकातला, म्हणजे बाजारातला, लोबानचा वास जिना चढून वर येई.

गाव म्हणजे रत्नागिरीकडलं पांगरखाडी. खाडीच्या धक्क्यापासून मशिदीपर्यंत एकच वाट, दोन्ही अंगाला जांभ्याची घरं, आणि बहुतेक घरांना कुलपं. माणसं सगळी ओमानात, मस्कतला, सलालाहला. गावच्या लोकांबद्दल मुनीरचं मत फार वाईट होतं. पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडला, दुकानं थाटली, पोरांना डॉक्टर केलं, आणि आजोबाच्या बापाचं नाव विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. असल्या लोकांना गाव तरी कशाला हवं, असं तो निदाला, आपल्या बायकोला, उघड म्हणायचा.

गावाची घरं आणि नावं गोळा करण्याचं खूळ त्याने स्कॉटलंडहून आणलं होतं. तेलकंपनीने त्याला वर्षभर ॲबर्डीनला धाडलं होतं. तिथल्या एका खेड्यात चर्चच्या हॉलमध्ये त्याने त्या गावाचा इतिहास भिंतींवर मांडलेला पाहिला: कुठल्या घरात कोण राहिलं, कोणाची पोरं कॅनडाला गेली, शेवाळ घासून वाचलेली थडग्यांवरची नावं. पावसाने कुजलेलं, मेंढरांपलीकडे काही नसलेलं खेडं, पण एक माणूस हरवू दिला नव्हता. भिंतीवरल्या गावाच्या नकाशावर एकच तुकडा कोरा होता. हा का कोरा, असं त्याने विचारल्यावर तिथल्या म्हातारीने हसून त्याच्यासाठी चहा ओतला होता. गोऱ्यांचं राहून गेलेलं कामही नीटनेटकं दिसतं, असं त्याला तेव्हा वाटलं.

त्याच्या बापाला मत्रहच्या मागल्या डोंगराशी माती मिळाली होती. गावातल्या त्यांच्या घराला, विहिरीवरच्या घराला, कुलूप होतं. या दोन म्हाताऱ्या गेल्या की विहिरीवरचं घर कोणाचं हे सांगणारं कोणी उरणार नाही, ही गोष्ट मुनीरला खरोखर खात होती. बाकीच्यांची घरं तो तोंडदेखली गोळा करत होता. त्याला वाचवायचं होतं ते बापाचं नाव.

पांगरखाडीत कागदावर काही नव्हतं, पण बायकांकडे एक रीत होती. लग्न ठरलं की दावत द्यायला एक बाई धक्क्यापासून निघायची, दारादारात घराचं नाव घ्यायची आणि आतून "आलो" असा जबाब यायचा. मस्कतला आल्यावर चालायला ती वाट राहिली नाही, म्हणून बायका आता चटईवर बसूनच ती बोलतात. एक बाई घरं घेते, ज्या त्या घरचं माणूस जबाब देतं. कोणी राहून जाऊ नये, एवढ्यासाठी. याला त्या वाट बोलणं म्हणतात. मुनीरला ही सगळी अडाणी गंमत वाटे, पण घरांचा क्रम मिळत होता, म्हणून तो ती भरून घेई.

ऐकता ऐकता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. चिंचेखालचं घर झालं की फुफी थांबायची. ओढणी पुढे ओढून मान खाली घालायची. एक दार ओलांडायला लागेल तेवढा वेळ गप्प. मग ओढणी सारून म्हणायची, "नाखव्याचं घर." आईही तिथेच थांबायची. सलालाहच्या एका म्हातारीला त्याने फोनवर वाट बोलायला लावली, तर चिंचेखालच्या घरानंतर फोनमधून नुसता पंखा ऐकू आला.

"मधलं घर कोणाचं?" त्याने विचारलं.

"तिथं घर नाय," फुफी म्हणाली.

"मग थांबता कशाला?"

"दार हाय ना."

आई अडकित्त्याकडे बघत होती. "सोड रे मुनीर," ती म्हणाली. "सगळा बोलायचाच असता असा नाय."

मुनीर हसला. या बायकांच्या डोक्यात भुसा भरलाय, हे त्याने तोंडावर म्हटलं नाही एवढंच.

त्याचा चुलतभाऊ यासिर सुट्टीवर गावी निघाला होता. त्याला मुनीरने घराघराचे फोटो काढायला सांगितलं. फोटो आले. चिंचेखालचं घर आणि नाखव्याचं घर यांच्यामध्ये घरापुरती मोकळी जागा होती, आणि वाटेच्या कडेला जांभ्याचा एक उंबरठा. त्याच्यामागे भिंत नाही, जोतं नाही, नुसती माती. सगळ्या वाटेवर चिंचेचा पाला पडला होता. त्या जागेत एक पान नव्हतं. उंबरठा मात्र ओला होता, आत्ताच कोणी पाय धुऊन आत गेल्यासारखा.

"पाणी कोणी ओतलं?" मुनीरने फोनवर विचारलं.

"काय माहीत."

"आत जाऊन पलीकडून एक फोटो काढ."

"नको भाई," यासिर म्हणाला. "खलास, झालं माझं काम."

दुबईच्या बुरुजाच्या टोकावर सेल्फी काढणारा हा शूर वीर! मुनीरने फोन ठेवला आणि निदाला म्हणाला, "आमच्यात सगळे असलेच."

आता मुनीर नोकरीत काय करत होता तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या सवयीने झालं. यंत्रांच्या नोंदी तपासणं हे त्याचं काम. एखादा पंप कोणाच्या ताब्यात आहे हे कळेना, तर तो तसाच सोडत नाहीत. खरा धनी सापडेपर्यंत शोधणाऱ्याच्या नावावर टाकतात. कोरी जागा म्हणजे कामचुकारपणा, असं तो हाताखालच्या पोरांना झाडायचा. गावाचा मोठा नकाशा छापायला द्यायची वेळ आली तेव्हा त्याने त्याच हाताने त्या मोकळ्या जागेवर टाकलं: मुनीरचं घर. पुढे बदलता येईल, असा हिशेब.

जानेवारीतल्या एका दुपारी, साल २०१५, मत्रहच्या एका हॉलमध्ये त्याने गावकऱ्यांना जेवायला बोलावलं आणि नकाशा भिंतीवर लावला. लोकांनी आधी बिर्याणीची चौकशी केली, मग नकाशाची. मुनीरने माइक हातात घेतला. आज वाट मी बोलणार, पुरुष वाट बोलला म्हणून आभाळ कोसळत नाही, असं त्याने ऐकवलं. बायका कुजबुजल्या, पण घरं सुरू झाली तसे जबाब येऊ लागले. लोक खूश होते. कोणी सलालाहची माणसं फोनवर धरली होती, तीही "आलो" म्हणत होती.

"चिंचेखालचं घर."

"आलो."

बायकांच्या बाजूला ओढण्या पुढे आल्या. सगळ्यांच्या, एकदम. मुनीरला त्या झाकलेल्या डोक्यांची रांग बघून किळस आली. हीच ती माणसं, आपल्याच गावाला घाबरणारी. तो थांबला नाही.

"मुनीरचं घर," तो माइकमध्ये म्हणाला. "दावत आहे."

हॉलमध्ये वाटीत चमचा पडल्याचा आवाज झाला. मुनीरने घाईने नाखव्याचं घर घेतलं, मग विहिरीवरचं. विहिरीवरच्या घराला आईने जबाब द्यायचा होता. शेवटी निदाने तिला कोपराने ढोसलं तेव्हा ती पुटपुटली, "आलो."

घरी येऊन त्याने हॉलमध्ये फोनवर भरलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. मुनीरचं घर, दावत आहे. आणि त्यावर लगेच, दाराच्या बाजूने, स्वच्छ आवाजात, "आलो." पुरुषाचा आवाज होता आणि ओळखीचा वाटत होता. कोणीतरी टवाळखोराने चेष्टा केली असणार. त्याने निदाला ऐकवलं.

"तुम्हीच तर बोललात," निदा म्हणाली.

त्यानंतर त्याच्या कुरुमच्या फ्लॅटचा उंबरठा सकाळी ओला सापडू लागला. तांबूस पाणी, भिजल्या जांभ्याचा वास. त्या वर्षी मस्कतला तोवर पावसाचा थेंब नव्हता. मुनीरने वॉचमनला झापलं, एसीवाल्याला बोलावून घेतलं. एसीवाल्याने पाइप पाहिला, कोरडा होता. मुनीरने त्यालाही मूर्ख ठरवून परत पाठवलं.

मग बारीकसारीक गोष्टी. आईला फोन केला तर ती म्हणे, "आत्ताच तर बोललास." शुक्रवारी तो मत्रहला पोचला की त्याच्या वाटणीचं ताट उष्टं होऊन पडलेलं असे, आणि आई विचारी, "काय विसरलास रे, परत आलास तो?" वय झालं, असं तो मनात म्हणे. पण आई हिशेबाला पक्की होती, दुधवाल्याला एक ओमानी बैसाही जास्त देत नव्हती. त्याला पहिल्यांदा भीती वाटली. भीती वाटली याचाच त्याला राग आला.

यासिरच्या बहिणीचं, रईसाचं, लग्न ठरलं. असरच्या नमाजानंतर मत्रहच्या घरी बायका वाट बोलायला बसल्या. वाट आईच बोलणार होती. निदा दुपारपासूनच तिथे होती. मुनीर ऑफिसातून थेट गेला. जिना चढून तो दारात थांबला. आत यायला कोणी म्हटलं नाही, म्हणून तसाच उंबरठ्यावर उभा राहिला. खाली बंदरात बोटीचा भोंगा वाजला.

आई एकेक घर घेत होती. खणखणीत आवाज, कुठे चूक नाही.

"चिंचेखालचं घर."

"आलो."

मुनीर ओढण्यांची वाट बघत राहिला. एकही हलली नाही.

"मुनीरचं घर," आई सहज म्हणाली.

"आलो," जिन्यातून आवाज आला. मुनीरचे ओठ मिटलेले होते.

"नाखव्याचं घर."

"आलो."

आणि आईने ओढणी पुढे ओढली. फुफीने ओढली. निदानेही. सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

"अम्मी," मुनीर म्हणाला. "विहिरीवरचं घर. आपलं. अब्बांचं घर, अम्मी!"

कोणी वर पाहिलं नाही. रईसा नवखी होती, तिला रीत ठाऊक नव्हती. तिने हळूच विचारलं, "फुफी, इथे कोणाचं घर?"

"तिथं घर नाय," फुफी म्हणाली.

"मग थांबलात का?"

"दार हाय ना."

मुनीरला आत पाऊल टाकायचं होतं. टाकता येईना. मोजे भिजले होते. खाली पाहिलं तर फरशीचा उंबरठा तांबडा दिसत होता.

आईने ओढणी सारली. "मशिदीजवळचं घर."

"आलो."

जिन्यात पावलं वाजली. सावकाश, घरच्या माणसाची. भिजल्या मातीचा वास मुनीरच्या खांद्याला घासून आत गेला.

"ये मुनीर," आई म्हणाली. "उशीर केलास."

निदाने सुपारीचं तबक उचललं आणि चटईवर आपल्या शेजारी जागा केली.