ओलसर गठ्ठे

चूक माझीच. गवत अजून पुरतं वाळलं नव्हतं. नवरा म्हणत होता, "दोन दिवस थांबू." पण मी कसली ऐकते! "वर ढग बघा जरा. बांधा गठ्ठे आणि गोठ्यामागच्या कोठारात रचा. अठरा गाई काय तुमचं शहाणपण चघळणार आहेत?"

ओलं गवत बांधलं की आतून तापतं, कधी पेटतंही. म्हणून रोज दुपारी मी रचलेल्या गठ्ठ्यांत लोखंडी सळई खुपसायची आणि दहा मिनिटांनी काढून चाचपायची. तीन दिवस ती कोमट होती. चौथ्या दिवशी चटका बसेल असं वाटलं होतं, तर सळई गारढोण. टोकाला ओल होती, गाईने चाटल्यासारखी.

पाचव्या दिवशी ती निघेचना. मी ओढली की आतून कोणीतरी तेवढंच ओढायचं.

"अहो, मस्करी पुरे हं!"

"कसली मस्करी?" नवरा माझ्यामागे दारात उभा होता, हातात बादली. मी सळई सोडून मागे सरले.

"सुतळीत अडकली असेल," म्हणत त्याने गठ्ठे उपसायला घेतले. आत पोकळी निघाली, माणूस मावेल एवढी. "आतून जळलंय वाटतं. बघतो."

"नका हो जाऊ. गवत गेलं खड्ड्यात!"

"घाबरट कुठची," तो हसला आणि वाकून आत शिरला. त्याचे बूट दिसेनासे झाले, तेवढ्यात वरचे गठ्ठे धाडकन कोसळले.

"अहो!"

मी गठ्ठ्यांकडे धावले. गोठ्यातल्या गाई चिडीचूप.

मग फटीतून एक हात बाहेर आला. मी तो दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले आणि जीव खाऊन ओढू लागले. भीतीने मला रडू फुटलं होतं.

"अगं, कोणाला ओढतेस?" मागून नवऱ्याचाच आवाज. "मी पलीकडून निघालो केव्हाच. सोड तो हात."

पलीकडे नुसती भिंत आहे.

मी वळून बघितलं नाही.

फटीतला हात ढिला पडत चालला होता.

"सोड गं," म्हणत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मायेने.

तीन वर्षांपूर्वी गठ्ठे बांधायच्या मशीनने नवऱ्याची उजवी करंगळी नेली. मी फटीतला हात चाचपला. करंगळी नव्हती.

खांद्यावर पाचही बोटं होती. ती हळूहळू आवळत गेली.