रेडिएटरमधलं वरण

समतानं त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पायांपासून. त्यात तिचा काही दोष नाही. ती ट्रॉलीखाली उताणी पडली होती, आणि तिथून माणूस गुडघ्यापर्यंतच दिसतो.

एका पायातल्या चपलेचा अंगठा तारेनं आवळलेला. दुसरी चप्पल धडधाकट होती, पण ती पहिलीची जोडीदारीण नव्हती.

“काय झालं, मॅडम?” पायांनी विचारलं.

“झोपली हाये. सावली बरी हाये इथं,” समता खालूनच म्हणाली. “टायर फुटलं, दिसत नाई काय?”

“दिसते ना. म्हनून तं थांबलो. ताईच म्हननार होतो, पन...”

“पन काय?”

“ताई म्हनलं का पुढचा रस्ता बंद होते.”

समता ताडकन उठायला गेली आणि आसावर तिचं डोकं असं आपटलं, की रस्त्यापलीकडच्या पळसाची फुलं गळाली. गळाली म्हणजे गळालीच. मी पदरचं काही सांगत नाही.

चिखली मागं पडली होती, मेहकर अजून लांब होतं. मार्च सरत आलेला. ऊन असं, की कावळेसुद्धा पंख मिटून झाडांच्या कडेकडेनं चालत चालले होते. समता कपाळ चोळत बाहेर आली आणि तिनं वरचा भाग पाहिला. सावळा चेहरा, भुवईत धूळ, आणि असं हसू, जणू टायर यानंच फोडलं आणि आता शाबासकी घ्यायला आलाय. नाव अश्वजित. शेतात ठिबकच्या नळ्या बसवून द्यायचं काम करायचा. त्याच्या मोटरसायकलवर सीटच्या जागी पोतं, आरशाच्या जागी दाढीचा आरसा आणि साइड स्टँडच्या जागी बाभळीची काठी होती.

“हे चालते?” समतानं विचारलं.

“चालते. थांबतच नाई. थांबवाची म्हनलं तं तयारी करा लागते.”

हसायची सोय नव्हती. त्या ट्रॉलीवर समताची दाळमिल होती. गावोगाव फिरून दारात तूर भरडून द्यायची, असा तिचा बेत, आणि त्यासाठी ती ट्रॅक्टर चालवायला शिकली होती. लोणारच्या अलीकडे विमलबाईच्या बचत गटानं तिला बोलावलं होतं. बायांनी तुरीला तेल-पाणी देऊन, वाळवून ठेवली होती. निरोप मात्र सरळ होता : दिवस मावळायच्या आत मशीन लागली तर हंगामभर तुझीच, नाही तर उद्या मेहकरचा मिलवाला. आणि घरी, उंद्रीला, तिचे बाबा पंजाबराव गिऱ्हाईक घेऊन बसले होते. उत्तमराव नावाच्या त्यांच्या दोस्ताला ती मशीन हवी होती. “आज काम नाई जमलं तं मशीन त्याची, अन् तू पुन्याले मावशीकडं नोकरीले,” बाबांनी सकाळीच सांगितलं होतं. चिडून नव्हे, शांतपणे. म्हणूनच जास्त लागलं.

“इथं जवळ टायरवाला हाये काय?” तिनं विचारलं.

अश्वजितनं आधी आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग पुन्हा आभाळाकडे.

“हाये... पन थो लग्नाले गेला.”

“मंग?”

“मंग मी हाओ ना!”

त्यानं टायर खोललं. शेजारच्या शेतात सोयाबीनच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग होता. मालकाला हाळी देऊन त्यानं पोतंभर कुटार आणलं, टायरमध्ये ठासून भरलं आणि वरून टायर ठिबकच्या नळीनं आणि तारेनं करकचून बांधलं.

“यात हवा भरली नाई तुमी,” समता म्हणाली.

“हवा बेइमान असते, मॅडम. कुटार इमानदार.”

इमानदार कुटारावर ट्रॉली निघाली. तो तिच्या डाव्या बाजूनं, ट्रॅक्टरला अगदी खेटून मोटरसायकल चालवत होता आणि सारखा बोलत होता, कुठं चाललात, कुणाकडं, कशाला, सगळं खोदून विचारत होता. समता वैतागली.

“तुमचं काम झालं ना? मंग जा ना पुढं!”

“चाकावर लक्ष ठेवा लागते.”

“तुमी चाकाकडं कुठी पाहून राह्यले?”

यावर तो कानापर्यंत लाल झाला. समतानं मान फिरवली. तिलाही काहीतरी झालं. पण तिनं ते उन्हावर ढकललं.

कोसभर गेल्यावर मागून हंबरणं ऐकू आलं. टायरच्या फटीतून कुटार सांडत होतं, आणि त्याच्या रेघेवर तोंड लावून एक गाय चालली होती. गायीमागं म्हैस, म्हशीमागं शेळ्या. पुढच्या गावच्या गोठणीवरून आणखी जनावरं आली. बघता बघता ट्रॉलीमागं एवढी गुरं झाली, की एका म्हाताऱ्यानं पोळा आला समजून घरात बैलाची झूल शोधायला घेतली.

“ए पोरी! माही म्हैस कुठी नेऊन राह्यली?” एक बाई काठी घेऊन धावत आली.

“मी नाई नेत, मावशी! तेच येऊन राह्यली!”

“म्हशीले पत्ता कोनं देला मंग?”

समतानं अश्वजितकडे पाहिलं. त्या नजरेनं दुसरा कुणी जागीच वाळला असता. हा म्हणाला, “पाहा, किती माया लावली तुमी जनावराईले.”

“मोटरसायकल थांबवा. मले तुमाले मारा लागते.”

“थांबत नाई म्हनलं ना.”

तेवढ्यात एका गोऱ्ह्याला राग आला. मागच्या गर्दीत त्याला कुटार मिळेना, म्हणून तो पुढं आला आणि त्यानं ट्रॅक्टरच्या जाळीला शिंग दिलं. मेहकरला टायर नीट करून घेतलं, गुरं परत फिरली, पण मेहकर सोडल्यावर कळलं, की रेडिएटरला भोक पडलंय. पाणी टपटप गळत होतं. दोन वाजून गेले होते.

“मी मिस्त्री बोलावतो,” समता म्हणाली.

“तो येईलोक दिवस जाईन. तुमच्याकडं तुरीची चुनी हाये काय?”

चुनी म्हणजे डाळीचा चुरा. मशीनची चाचणी घेतली होती त्याची एक थैली ट्रॉलीत होती.

“काऊन?”

“पान्यात टाकली का फुगते, अन् भोकात जाऊन बसते. माह्या आज्यानं असंच इंजिन चालवलं होतं.”

“किती दिवस?”

“आजा लवकर गेला,” तो म्हणाला, “पन इंजिनानं नाई.”

खरं म्हणजे समतानं तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. पण बाबांचा फोन दोनदा येऊन गेला होता, आणि हा माणूस ओंजळीत चुनी धरून असा उभा होता, की नाही म्हणणं म्हणजे त्याच्या आज्याचा अपमान. तिनं हो म्हटलं. त्यानं विहिरीचं पाणी ओतलं, चुनी ओतली. आणि थेंब थांबला! खरोखर थांबला. समता चक्क हसली. पहिल्यांदाच. अश्वजितनं ते हसू पाहिलं आणि त्याच्या हातातली बादली विहिरीत पडली.

मग चढण लागली.

आधी वास आला. मग झाकण उडालं, आणि पिवळंधमक, रटरटणारं वरण रेडिएटरमधून बॉनेटवर, बॉनेटवरून चाकांवर, चाकांवरून डांबरी रस्त्यावर! आपल्याकडं गाडी बंद पडली, की सल्ला दिल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. चार जण थांबले.

“मीठ टाकलं काय?” एकानं विचारलं.

“हिंगाचा वास नाई येत,” दुसरा म्हणाला.

“अबे, पातळ झालं. अजून एक उकळी पाह्यजे.”

समता ट्रॅक्टरवरून उतरली, अश्वजितसमोर येऊन उभी राहिली, आणि तिचे डोळे भरून आले. सल्लागार मंडळी हळूच निघून गेली.

“गम्मत वाटून राह्यली ना तुले?” ती म्हणाली. मॅडम-बिडम, तुमी-बिमी सगळं वरणाबरोबर वाहून गेलं होतं. “तुही मोटरसायकल, तुही तार, तुहा आजा! माही मशीन जाऊन राह्यली रे... आजच्या आज जाऊन राह्यली. जाय तू. आता काही नीट करू नको. जाय!”

त्यानं मोटरसायकल ढकलत सुरू केली आणि गेला. मागं वळून पाहिलं नाही. ते तिला आणखीच झोंबलं.

ती रस्त्याकडेच्या लिंबाखाली बसली, ऊन कलेपर्यंत बसून राहिली. फोन वाजला.

“बेटा,” पंजाबराव म्हणाले, “उत्तमराव बसले हायेत. काय सांगू?”

समतानं ट्रॅक्टरकडे पाहिलं. थंड झालेलं वरण बॉनेटवर सुकत होतं. मागं ट्रॉली, ट्रॉलीवर मशीन, मशीनला स्वतःचं डिझेल इंजिन. आणि तिला एकदम स्वतःचाच राग आला. बिघडला होता ट्रॅक्टर. मशीनला काय झालं होतं?

“बाबा, जरा दम धरा,” ती म्हणाली. “मी फोन करतो.”

तिनं ट्रॉलीच्या चाकांना दगड लावले, लिंबाच्या सावलीत ताडपत्री अंथरली, मशीनचे पट्टे तपासले. आता विमलबाईला फोन करून हात जोडायचे, तूर इथं आणा म्हणायचं. लाज वाटत होती. ती नंबर लावणार, तोच रस्त्यावर धुरळा उठला.

पुढं अश्वजितची मोटरसायकल. मागं तुरीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो, आणि पोत्यांवर बसलेल्या बाया. सगळ्यात वर विमलबाई, कपाळाला पदर, हातात सूप.

विमलबाई उतरल्या. समताला त्यांनी पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

“तूच काय समता? या पोट्ट्यानं आमाले सगळं सांगतलं. म्हने, उशीर झाला त्यात तिचा काही कसूर नाई, सारा माहा हाये.”

“तसं नाई, बाई. रेडिएटर...”

“रेडिएटरचं नाई म्हनत मी. टायरवाल्याचं म्हनतो.”

“कोन्त्या टायरवाल्याचं?”

बाया एकमेकींकडे पाहून तोंडाला पदर लावू लागल्या. अश्वजित चपलेच्या अंगठ्याकडे पाहत राहिला.

“सांग ना रे,” विमलबाई म्हणाल्या. “आमच्या पुढं तं पटपट बोलला.”

“थो... लग्नाले नव्हता गेला,” अश्वजित म्हणाला. “दुकान पुढच्या वळनावरच होतं. उघडं. मी तुह्या डाव्या बाजूनं चाललो ना... ते दुकान झाकाले. त्यानं हाकबी मारली मले.”

समता एक पाऊल पुढं आली.

“काऊन?” समतानं विचारलं. आवाज इतका बारीक, की तो तिच्या ओरडण्यापेक्षा जास्त घाबरला.

“सांगतलं असतं तं तू टायर बदलून अर्ध्या घंट्यात निघून गेली असती.”

“मंग?”

“मंग मी काय केलं असतं?”

समतानं मूठभर तूर उचलून त्याला मारली. मग दुसरी मूठ. तिसरीला विमलबाईनं हात धरला. “तूर आमची हाये वं. मारायचं तं दगडानं मार.”

मग मात्र वेळ नव्हता. समतानं इंजिनाचं हँडल मारलं, पट्टा फिरला, मशीन धडधडू लागली. अश्वजितनं न सांगता पहिलं पोतं उचलून मशीनच्या तोंडात रिकामं केलं. सगळ्या बाया ओणव्या होऊन पाहू लागल्या. एका बाजूनं टरफल उडालं... आणि दुसऱ्या बाजूनं डाळ आली. पिवळी, गोल, कड न मोडलेली. विमलबाईनं मूठभर घेतली, दाताखाली धरली, सुपात पाखडली, पुन्हा पाहिली.

“हंगामभर तूच ये,” त्या म्हणाल्या. “ट्रॅक्टर मात्र दुसरं आन.”

समतानं घरी फोन लावला. तो नुसता मशीनजवळ धरला. पलीकडून पंजाबरावांचा आवाज आला, तिच्याशी नव्हे, खोलीतल्या दुसऱ्या कुणाशी : “उत्तमराव, चहा घ्या अन् निघा बाप्पा. पोरगी कामात हाये.”

दिवस खाली आला. अश्वजितच्या केसांत, भुवईत, कानात टरफल बसलं होतं. तो पोतं टाकून तिच्या शेजारी उभा राहिला.

“राग गेला काय?”

“नाई.”

“कवा जाईन?”

“जात नसते इतक्या लवकर. मेहकर आलं तवा टायरचा राग होता. आता वरनाचा हाये. दुकानाचा तं अजून सुरूबी नाई केला मी.”

“मंग... किती दिवस पुरन?”

“जनमभर पुरन,” समता म्हणाली, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकली.

तो हसला नाही. पहिल्यांदाच हसला नाही. “मंग मले जनमभर जवळच राहा लागन,” तो हळूच म्हणाला. “थोडा थोडा काढाले.”

“तार घेऊन येऊ नको...”

“नाई आनत.”

“अन् मले मॅडम म्हनू नको.”

“मंग काय म्हनू?”

तिनं त्याच्या भुवईवरचं टरफल बोटानं झाडलं. एकच होतं, पण झाडायला बराच वेळ लागला.

तिकडं मशीनमधली तूर केव्हाच संपली होती. रिकामी मशीन खडखड करत होती, असा आवाज, की लोणारच्या सरोवरातले बगळे उठून उडाले असतील. त्या दोघांना काही तो ऐकू आला नाही. बाया भरलेल्या पोत्यांवर बसून सगळं पाहत होत्या. एक जण तूर टाकायला उठू लागली, तर विमलबाईनं तिचा पदर ओढून तिला खाली बसवलं.