खुन्याच्या हातचा क्रूस

हसा, हसा. झेनॉनही असाच हसला होता. झेनॉन म्हणजे माझा मेहुणा, बायकोचा थोरला भाऊ. गिरणीच्या वळणावर धाकट्या फेलेकबरोबर राहायचा. लग्न दोघांनीही केलं नाही, पण एकमेकांवर जीव जगावेगळा.

आपल्या गावाच्या जुन्या खुणा तीनच. टाऊन हॉलचा मनोरा, चर्चची घंटा आणि त्या वळणावरचा दगडी क्रूस. तिथे पूर्वी एकाने सख्ख्या भावाला कुऱ्हाडीने मारलं होतं. तेव्हाची रीत अशी, की खुन्याने स्वतःच्या हातांनी क्रूस कोरून खुनाच्या जागी उभा करायचा. तो उभा आहे तोवर मेलेल्याच्या बाजूने कुणी सूड घ्यायचा नाही. पण आपण पडलो युद्धानंतर, इथले जर्मन गेल्यावर आलेले पोलिश उपरे! झेनॉनला उंबऱ्याला दगड हवा होता. नेला तो क्रूसच उपटून.

मी अडवलं तर मलाच म्हणाला, "अहो दाजी, मेलेला जर्मन होता. त्याच्या भुताला पोलिश कुठून येणार?"

दोन नोव्हेंबर, मृतात्म्यांचा दिवस. अंधार पडल्यावर झेनॉन आईच्या थडग्यावर मेणबत्त्या लावायला निघाला. फेलेकला ताप होता, तो घरीच राहिला. वळणावर, दगड उपटलेल्या खड्ड्यात, कुणीतरी उभं होतं.

"जास्त झाली काय रे?" झेनॉनने विचारलं.

तो बोलला. स्वच्छ पोलिशमध्ये.

"दगड होता, तोवर मी गप्प होतो."

झेनॉन एक पाऊल मागे सरला.

"भावाचा वंश बुडाला. सूड कुणावर उगवू?"

त्याने झेनॉनच्या घराकडे बोट केलं.

"दगड ज्याच्या दारात... वैर त्याच्या घरात."

"मला ने! फेलेकला नको..."

"मला मारणारा जगला. तूही जग."

झेनॉन पळाला. घराचं दार उघडं. फेलेक उंबऱ्यावर आडवा. अंगावर ओरखडा नाही.

थंडगार.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. रात्रभर आम्ही प्रेताजवळ बसलो. झेनॉन माझ्या शेजारी होता, जागचा हलला नाही, देवाशपथ. उजाडल्यावर चौघांनी मिळून तो दगड वळणावर परत नेला.

खड्ड्याशेजारी दुसरा क्रूस उभा होता. पांढरा. नुकताच कोरलेला...

मी झेनॉनकडे पाहिलं. तो आपल्या तळहातांवरचे फोड बघत होता.