घळीकडचं फाटक

एमेट रोथ मला पहिल्यांदा भेटला तो आमच्या वळूमुळे. सप्टेंबरात वळू कुंपण वाकवून त्याच्या कुरणात शिरला. मी हाकलायला गेले, तर हा शेजारी खांबाला टेकून मजा बघत उभा.

"तुमच्या घरात हाच एक धीट दिसतो," तो म्हणाला. "कुणाला विचारत बसत नाही."

"इथे बघण्यासारखं काय आहे म्हणून आला, देव जाणे," मी म्हटलं... पण घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेलेच होते.

मग रोज कुठे ना कुठे कुंपणाची तार सैल पडू लागली. तार ताणायला दोन माणसं लागतात, असं एमेटचं म्हणणं. मीही ते मान्य करून टाकलं. तेव्हा मला सव्विसावं लागलं होतं, आणि बाबांना विचारल्याशिवाय मी कोंबडीसुद्धा विकली नव्हती.

ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी आम्ही दोघं घामाघूम झालो होतो, आणि रेडिओ सांगत होता की ध्रुवाकडून गार हवा निघालीय, शुक्रवारी आमच्या डकोटात पोचेल. गायींच्या अंगावर अजून उन्हाळ्याचेच बारीक केस. आमचं कुरण म्हणजे उघडा माळ. त्याच्याकडे मात्र झाडीची खोल घळ होती.

"मारित, आपल्या दोन कुरणांमधलं फाटक उघड," एमेट म्हणाला. या वेळी तो हसत नव्हता. "वारा सुटला की गुरं आपोआप घळीत उतरतील."

"तूच उघड की."

"दुसऱ्याच्या फाटकाला इकडे कोण हात लावतं?"

"मग... बाबांना विचारते."

बाबा हसले. कळप मिसळले की निवडण्यात आठवडा जातो, ऑक्टोबरात कसला आलाय बर्फ, आणि त्या रोथच्या पोराला काळजी नक्की गायींचीच आहे ना, असं म्हणून त्यांनी रेडिओ बंद केला. फाटक घोड्यावरून दहा मिनिटांवर होतं. मला उघडता आलं असतं.

शुक्रवारी आधी पाऊस लागला. गायी चिंब भिजल्या. मग वारा फिरला, आणि त्या ओल्या अंगांवर दोन दिवस बर्फ पडत राहिला. आम्हाला घराचं दारसुद्धा उघडता येईना.

रविवारी दुपारी बाबा आणि मी कुरणात पोचलो, तेव्हा एमेट तिथे होता. वाऱ्याकडे पाठ करून गुरं कुंपणापर्यंत चालत आली होती आणि तिथेच एकमेकांवर पडली होती. त्रेसष्ट. पण फाटक सताड उघडं होतं, आणि खाली घळीत चाळीस गायी जिवंत होत्या. शनिवारी एमेट वादळात येऊन ते उघडून गेला होता. त्याची दोन बोटं थंडीने काळीनिळी पडली होती.

आम्ही वाकून मेलेल्या गायींच्या कानांतले बिल्ले वाचत होतो. मला राहवेना.

"यांना मी मारलं, एमेट."

तो लगेच 'छे, तू नाही' असं म्हणाला नाही, हे बरं केलं. "मीही बुधवारीच उघडायला हवं होतं," एवढंच म्हणाला.

"बाबा म्हणतात, उरलेल्या विकून आत्याकडे शहरात जायचं. मला नाही जायचं. मला तुझ्याजवळ राहायचंय... तू मला फार आवडतोस."

बाबा चार पावलांवर वाकलेले होते. एमेटने त्यांच्याकडे पाहिलं.

"त्यांना विचारलंस?"

"नाही. विचारणार नाही. सांगणार आहे."

बाबा सावकाश सरळ झाले, पण वळले नाहीत.

"लग्न या आठवड्यात नको," ते म्हणाले. "आधी यांना पुरायचंय."

मी बरं म्हटलं, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.