इल्यासचा कप निवत नव्हता

दार लोटून घे रे, वारा आत शिरतोय. हं. आता ऐका, पण ऐकताना हात चालू ठेवा. जाळं उद्या पहाटे लागणार आहे.

ही गोष्ट सेझाईची. आपला सेझाई उस्ता, वायरमन. आपल्या या गेर्झे गावातल्या निम्म्या घरांचं वायरिंग त्याच्या हातचं. मला त्याने स्वतः सांगितली, एकदा नव्हे, दोनदा. दोन्ही वेळा सारखी सांगितली नाही, पण ते नंतर.

तारीख मला पाठ आहे. दोन हजार चोवीस साल, नोव्हेंबरची चौदा, गुरुवार. समुद्र सकाळपासून फुगलेला. संध्याकाळी सातच्या सुमाराला सेझाईच्या धाकट्या बहिणीचा, नुर्तेनचा फोन आला. मोठ्या भावाला ती आबी म्हणते.

"आबी, रेफिका मावशींच्या माडीवरची खिडकी आपटतेय म्हणे. शेजारणीने कळवलं. मला ताप भरलाय. तू जाऊन कडी घालून येशील?"

रेफिका मावशी चार दिवस सॅमसूनला होत्या, डोळ्याच्या ऑपरेशनला. घर बंद, किल्ली नुर्तेनकडे.

"जातो की," सेझाई म्हणाला.

खिडकीची कडी, एवढंच काम. पण तो ज्या घाईने हो म्हणाला, ती घाई खिडकीसाठी नव्हती. त्या घरात एकट्याने शिरायला मिळावं म्हणून हा माणूस दोन महिने टपून होता.

का ते सांगतो.

नुर्तेनचा नवरा इल्यास. सात वर्षांपूर्वी जानेवारीत बोटीवर गेला. निघायच्या आधी तो आणि नुर्तेन रेफिका मावशींकडे कॉफी प्यायले. आपल्याकडे म्हणतातच, भविष्यावर भरवसा ठेवू नये आणि कप पालथा केल्याशिवाय उठूही नये. इल्यासने कपावर बशी ठेवली, फिरवला, पालथा केला; निवला की मावशी आतला गाळ बघून भविष्य सांगणार. तेवढ्यात धक्क्यावरून हाक आली. तो बूट चढवत म्हणाला, "निवेपर्यंत आलोच. मग सांगा काय ते."

बोट त्या रात्री उलटली. चार जण सापडले. इल्यास सापडला नाही.

मावशींनी त्याचा कप उघडला नाही, धुतलाही नाही. तसाच पालथा, बशीसकट, माडीवरच्या खोलीत कोनाड्यात ठेवून दिला. आणि तो कप निवला नाही. आठवडा गेला, महिना गेला, वर्षं गेली. नुर्तेन दर गुरुवारी जायची, कपाच्या बुडावर तळहात ठेवायची, आणि घरी येऊन सांगायची, "कोमट नाही आबी, गरम आहे. आताच पालथा केल्यासारखा."

हे ऐकलं की सेझाईच्या मस्तकात जायचं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात हाल्दुनने तिला मागणी घातली. हाल्दुन म्हणजे तो शाळेची बस चालवायचा, बायको वारलेली, शांत माणूस. इल्यास मेल्याचा कोर्टाचा कागदही केव्हाच झालेला. नुर्तेन नाही म्हणाली.

"जिवंत माणसाच्या बायकोने दुसरं लग्न करायचं?"

"सात वर्षं झाली, नुर्तेन."

"कप गरम आहे, आबी."

सेझाईने मनाशी हिशोब मांडला. म्हातारी एकटी. नुर्तेन तिची लाकडं फोडते, बाजार आणते, जिने घासते. हाल्दुनशी लग्न झालं की हे सगळं बंद. मग कप गरम कोण ठेवतं? ज्याला गरज आहे तो. आणि गरम ठेवायला काय लागतं? एक वायर. वायरमनला हे सांगायला कोण पाहिजे?

तेव्हा तो सप्टेंबरात मावशींकडे गेला आणि म्हणाला, मला कॉफी शिकायचीय. कप बघायलाही शिकायचंय.

मावशींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "सेहेचाळीस वर्षांचा बाप्या उठतो आणि कॉफी शिकायची म्हणतो. एक तर तू कुणाच्या प्रेमात पडलायस, नाही तर थापा मारतोयस."

"बायको म्हणते माझी कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी."

"खरं तेच म्हणते. ये, बस."

आणि शिकवलं बाईने, मन लावून शिकवलं. पाणी गार हवं आणि ज्या कपात प्यायची त्याच कपाने मोजायचं. कॉफी, साखर, पाणी सगळं आधीच जेझवेत, त्या लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात घालायचं, ढवळायचं ते आचेवर ठेवायच्या आधी. एकदा तांब्याचं बूड तापलं की चमचा लावायचा नाही. आच मंद. कडेने काळी रेघ येते, मग फेस आत सरकतो. उकळी फुटायच्या आत उतरवायचं, फेस चमच्याने कपाकपात वाटायचा, पुन्हा आचेवर.

"आणि नजर हलवायची नाही," मावशी म्हणायच्या. "ती टपलेली असते. तू मान वळवलीस की उतू जाते. सासूची जात आहे तिची."

सेझाईची कॉफी तीनदा उतू गेली. कारण त्याची नजर कोनाड्याकडे.

"ज्याचं लक्ष दुसऱ्याच्या भिंतीत, त्याची शेगडी घाण," मावशी म्हणाल्या आणि फडकं त्याच्या अंगावर टाकलं.

मग कप बघायला शिकवलं. कपाचा कान म्हणजे घर. काठाशी दिसतं ते जवळ आलेलं, तळाशी दिसतं ते मनात दडलेलं. बशी चिकटून बसली तर ओढायची नाही, तो कप बोलायला तयार नाही असं समजायचं.

"आणि अर्धं कपात नसतंच," त्या म्हणाल्या. "समोरच्याच्या गळ्याशी असतं. कुठल्या शब्दाला शीर उडते ते बघायचं."

सेझाईने हे पकडलं. "म्हणजे तुम्ही माणसं वाचता."

"मग काय गाळ वाचते? गाळाला काय कळतंय."

"आणि तो?" सेझाईने कोनाड्याकडे बोट केलं.

मावशींनी त्याचं बोट खाली केलं. मग म्हणाल्या, "तो मी वाचत नाही. त्याला हात लावू नकोस. ज्याने पालथा केला त्याचा आहे तो."

एकदा त्या खाली साखर आणायला गेल्या तेव्हा त्याने बोट लावून पाहिलंच. गरम होता. घाईघाईत त्याने भिंत चाचपली. वायर सापडली नाही. पण शेगडीचं धुराडं त्याच भिंतीतून वर जात होतं. झालं, त्याला उत्तर मिळालं. नुर्तेन म्हणाली, ऑगस्टात शेगडी बंद असते तेव्हाही गरमच असतो. सेझाई म्हणाला, ऑगस्टात सगळंच गरम असतं, बये.

त्याला एवढंच हवं होतं, की थंडीच्या दिवसात, शेगडी विझलेली असताना, एकदा एकट्याने तो कप हातात घ्यायचा. गार लागला की नुर्तेनला फोन करून तिथेच बोलवायचं.

आणि मग हा फोन आला. खिडकीची कडी.

सातनंतर लगेच जाता आलं नाही त्याला. सात चाळीसला अख्ख्या गावाची वीज गेली आणि बेकरीवाल्याने त्याला जनरेटर जोडायला धरून ठेवलं. नुर्तेनकडून किल्ली घेऊन तो मावशींच्या दारात पोचला तेव्हा नऊ चाळीस झाले होते. गल्लीत काळोख. त्याने कुलूप काढलं, आत शिरला, आणि वाऱ्याने दार उघडेल म्हणून आतून किल्ली फिरवली. किल्ली खिशात टाकली. हे त्याला पक्कं आठवतं.

टॉर्च लावून वर गेला. लाकडी जिना, अकरा पायऱ्या. माडीच्या खोलीत शिरून दार लोटलं. खिडकी खरंच आपटत होती. त्याने कडी घातली. काम झालं.

मग शेगडी पाहिली. राख गार. धुराड्यावर हात ठेवला. बर्फ. कोनाड्याची भिंत चाचपली, तीही तशीच. टेस्टर काढायची गरजच नव्हती, गावात वीज कुठे होती?

मग कपावर हात ठेवला.

गरम होता.

पहिल्यांदा त्याला भीती नाही वाटली, राग आला. त्याला वाटलं, कुणीतरी आत्ता येऊन गेलंय. ताजी कॉफी करून कप बदललाय. शेजारीण असेल. नाही तर नुर्तेनच असेल, ताप आहे म्हणते आणि… त्याने टॉर्च मारून जेझवे शोधलं. फळीवर पालथं होतं. आत कोरडं. बुडावर धुळीचा थर.

त्याने कप बशीसकट उचलून टेबलावर ठेवला. कोनाड्यात काही नव्हतं. भोक नाही, तार नाही, दिवा नाही. जुना चुना, बस.

आता एकच उरलं होतं.

त्याने बशी धरली. बशी चिकटली होती. मावशींचं बोलणं त्याला आठवलं. ओढायची नाही. त्याने ओढली.

सुटली ती उसासा टाकल्यासारखा आवाज करत. आतून वाफ आली.

गाळ ओला होता. सात वर्षांचा गाळ, आणि ओला. तळाशी जाड, काळा. आणि तळातून एक रेघ निघालेली, सरळ, कुठे न वळता, कपाच्या कानापर्यंत गेलेली. सेझाई शिकला होता ना. वाचता येत होतं त्याला. कान म्हणजे घर.

वाट. घराकडे.

खाली दार उघडलं.

कुलूप नाही वाजलं. दार उघडल्याचा आवाज तेवढा आला. आणि गार वारा, जिन्यातून वर.

मग पाऊल. अनवाणी. ओलं. चप… थांबलं.

दुसरं.

सेझाईने टॉर्च विझवला. का, ते त्याला सांगता येत नाही. तो काळोखात कप धरून उभा राहिला आणि मोजत राहिला. तिसरं. चौथं. घाई नव्हती त्या पावलांना. दमलेल्या माणसासारखी येत होती. सात. आठ.

अकरा.

दाराच्या पलीकडे पाणी ठिबकत होतं. थेंब… थेंब…

"निवला का?"

आवाज ओळखीचा होता. मेहुण्याचा आवाज सात वर्षांनीसुद्धा ओळखू येतो.

सेझाईच्या हातात कप अजून गरम होता.

"नुर्तेन?"

…

इथपर्यंत दोन्ही वेळा त्याने सारखंच सांगितलं. पुढचं वेगळं. पहिल्यांदा म्हणाला, मी काही बोललो नाही, जीभच उचलेना. दुसऱ्यांदा राकीचे तीन पेले झाले होते. तेव्हा म्हणाला, मी बोललो. मी म्हटलं, "ती इथे नाही." बाहेर पाणी ठिबकतच होतं. मग मी म्हटलं, "आणि आता यायची पण नाही. तिला सोड."

खरं कुठलं, मला माहीत नाही. पण दुसरं सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्यानंतर आवाज नाही. श्वास नाही. आणि पोरांनो, पावलं उतरल्याचाही आवाज नाही. सेझाई कान देऊन उभा होता. कप मात्र त्याच्या हातात गार पडला. विहिरीत बुडवल्यासारखा, एका क्षणात.

दहा पंचवीसला वीज आली. त्याने दार उघडलं. कुणी नव्हतं. खालचं दार बंद, आतून कुलूप, किल्ली त्याच्या खिशात. कपात पाहिलं तर गाळ वाळून भेगा पडलेला, सात वर्षांचा असावा तसा. त्याने बशी लावून कप परत कोनाड्यात ठेवला आणि धावत सुटला.

पुढच्या गुरुवारी मावशी परतल्या होत्या. नुर्तेन गेली, कपावर हात ठेवला. सेझाई मुद्दाम बरोबर गेला होता. तिने हात बराच वेळ ठेवला. मग काढून ओढणीला पुसला.

"गार आहे," ती म्हणाली. रडली नाही.

मावशी डोळ्यावर पट्टी घेऊन बसल्या होत्या. उघड्या डोळ्याने त्या सेझाईच्या गळ्याकडे बघत होत्या.

नुर्तेनने इल्यासच्या नावाने कुराण वाचून घेतलं, सगळ्या गल्लीत हलवा वाटला. एप्रिलात हाल्दुनशी लग्न केलं, कास्तामोनूला गेली. निघताना गाडीत बसायच्या आधी तिने सेझाईचा हात धरला.

"त्या रात्री तू नुसती कडीच घातलीस ना, आबी?"

"नुसती कडी."

तिने हात सोडला. त्यानंतर ती त्याला फोन करते, पण सणावारालाच.

राहता राहिला जिना. मावशी सॅमसूनहून आल्या तेव्हा पायऱ्यांवर ठसे होते. अनवाणी पायाचे, पाणी वाळून मागे मिठाची पांढरी कड राहते तसे. अकरा पायऱ्या, अकरा ठसे. सगळे चढणारे. उतरणारा एकही नाही. मावशींनी साबणाने घासलं, व्हिनेगरने घासलं, सुताराकडून रंधा मारून घेतला. दमट हवा पडली की पुन्हा उमटतात. शेवटचा वरच्या पायरीवर, उंबऱ्याबाहेर, खोलीकडे तोंड करून.

गेल्या मंगळवारी मावशींनी मला बोलावलं होतं, दिवाण हलवायला. वर जाताना मी मोजत गेलो. सवय लागते. अकरा भरले. मी खोलीत पाऊल टाकणार, तेवढ्यात मावशींनी मागून माझी बाही धरली.

बारावा उंबऱ्याच्या आत होता. मी वाकून बोट लावलं.

ओला होता.