गळक्या बाहुल्या

वच्छलाला गळकी बाहुली हवी होती, म्हणून तर बिरू भेटला.

चितेगावच्या एका कारखान्यात कामगारांच्या लेकरांना पोलिओचे डोस पाजायला ती गेली होती. एरवी शहरात नर्सिंगच्या मुलींना ती बालरुग्णांची शुश्रूषा शिकवायची. परतताना गेटमागं प्लॅस्टिकच्या बाहुल्यांचा ढीग दिसला आणि ती थबकली. माल तपासणारा उंच, सावळा तरुण पुढं आला.

"त्या नका बघू, बाई. गळक्या हायत. चांगली देतो एक."

"चांगली नको... गळकीच द्या."

त्यानं तिच्याकडं असं काही पाहिलं, की तिचे कान गरम झाले. मग तिनं नीट समजावलं. जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्यानं पाजायचं, हे मुलींना तोंडपाठ होतं. वॉर्डात मात्र त्या घाबरून पेलाच तोंडाला लावायच्या, आणि लेकरू सगळं ओकायचं. म्हणून तिला खेळ करायचा होता. बाहुलीच्या पोटावर रेघ मारायची. खालून मिनिटाला साठ थेंब गळणार, वरून चमच्यानं भरायचं. घाईनं ओतलं, तर तोंडातून बाहेर. दहा मिनिटं पाणी रेघेवर राखेल तो गट जिंकला.

"साठच?"

"साठच. एक कमी नाही, एक जास्त नाही."

"लई काटेकोर दिसताय," तो हसला.

दर शनिवारी पहिली पाळी संपवून बिरू एसटीनं तिच्या वर्गावर यायचा, तापल्या सुईनं भोक पाडलेली नवी बाहुली घेऊन. गंगापूरकडं त्याच्या घरची मेंढरं होती. कोकरांना पाजून पाजून हात असा सावकाश झालेला, की खेळात तो सगळ्या मुलींना हरवायचा. मुली त्याला बिरूभाऊ म्हणायच्या. वच्छलाच्या तोंडून 'भाऊ' कधी निघालं नाही. ती नुसतं "अहो..." म्हणायची, आणि मुली एकमेकींना कोपर मारायच्या.

बाहुल्या जमल्या की त्याचं येणं संपणार, हे तिला दिसत होतं. तिसऱ्या शनिवारी नेमके साठ थेंब पडले.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मोजमाप खोटं सांगितलं. चौथ्या शनिवारी पुन्हा साठच पडले. ती म्हणाली, "एकसष्ट."

पाचव्या शनिवारी विद्यापीठाच्या नामांतरासाठी शहर बंद होतं. वर्गातल्या दोघी मोर्चाला गेल्या होत्या, एसटी गाड्या आगारातच उभ्या होत्या. आज काही तो येत नाही... असं स्वतःला बजावत ती दिवसभर रस्त्याकडं पाहत राहिली. चार वाजता बिरू दारात! वीस किलोमीटर सायकल मारलेली, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, बाहुली मात्र कोरड्या टॉवेलात जपून गुंडाळलेली.

तिनं घड्याळ समोर धरलं. साठ. त्याच्याकडं पाहिलं, आणि तिला खोटं बोलवेना.

"बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "मागच्या दोन्ही पण... बरोबरच होत्या."

"ठाऊक हाय. मी मोजूनच आणायचो की."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर इथं यायचं कशाला?"

मागं मुलींची खुसखुस एकदम थांबली. वच्छलानं बाहुली टेबलावर ठेवली, पदराला हात पुसले.

"पुढच्या शनिवारी काही आणू नका," ती म्हणाली. "नुसते या."

"आन् पुन्हा एसटी बंद असली तर?"

"तर निम्म्या वाटेपर्यंत मी येईन. मला सायकल येते."