आठशे बाय सहाशे

हे मी रचून सांगत नाहीये. माझ्याच दुकानात, एका शनिवारी, भर दुपारी तीनला घडलंय. हसायचं तर हसा.

मी जुने लॅपटॉप दुरुस्त करतो. त्या दिवशी ताई भावोजींचा लॅपटॉप घेऊन आली. भावोजी जाऊन चार महिने झाले होते.

"सगळं अवाढव्य दिसतंय रे. अर्धं पान स्क्रीनबाहेर जातं. चिमीसाठी काहीतरी लिहून ठेवलंय त्यांनी, मी अजून वाचलेलंही नाही. तेवढं सांभाळ हं."

चिमी त्यांची लेक. आठ वर्षांची.

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो. धाकट्या भावाचा तोरा, दुसरं काय!

रिझोल्यूशन आठशे बाय सहाशे होतं. वाढवलं. अक्षरं बारीक, स्वच्छ झाली. बदल कायम केला.

आणि...

पुन्हा अवाढव्य.

स्क्रीनचा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्रॅम, नवा टाकला. तेच. दोन तास तेच. शेवटी वैतागून 'डॉक्युमेंट्स' आणि 'फोटो' हे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले, डिस्क कोरी केली आणि सगळं नव्याने टाकलं.

स्क्रीन लख्ख! ताईला जवळ बोलावलं.

टक्...

माउस जोडलेला नव्हता. टचपॅडवर कुणाचाच हात नव्हता.

स्क्रीन आपोआप बदलली. आठशे बाय सहाशे.

मग भिंग उघडलं. अक्षरं मोठी करून दाखवणारी ती चौकट रिकाम्या डेस्कटॉपवर सरकू लागली... डावीकडून उजवीकडे. एक ओळ झाली की खालची.

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे... हे असंच शोधायचे. शेवटी दिसतच नव्हतं ना नीट. म्हणून सगळं डेस्कटॉपवरच ठेवायचे."



डेस्कटॉपवरचं मी पेनड्राइव्हवर घेतलंच नव्हतं.

भिंग वरच्या कोपऱ्यात थांबलं. टक् टक्. तिथे काहीच नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा... टक् टक्.

"काय शोधतायत रे?" ताईने हळूच विचारलं.

"टचपॅड बिघडलाय," मी म्हणालो आणि लॅपटॉप बंद केला.

पुसलेलं परत मिळवायचे सगळे उपाय करून झाले. एक ओळही हाती लागली नाही. ताई अजून फोन करते, "चिमीचं सापडलं का?" मी "बघतोय" म्हणतो. तिला आज ना उद्या सांगावंच लागेल.

भावोजींना कसं सांगायचं, ते मात्र मला कळत नाही.